वारसा कोण लिहितो?

दहावीच्या वर्गात आनुवंशिकतेचा धडा घ्यायचा असला की मी फळ्यावर आधी एकच शब्द लिहिते : तवारुस. आम्ही उर्दू माध्यमात आनुवंशिकतेला हाच शब्द वापरतो. मग मुलांना विचारते, मराठीतला 'वारसा' हा शब्द ऐकलाय ना? दोन्ही एकाच अरबी मुळाचे आहेत. घर, शेत, कर्ज जसे बापाकडून मुलाकडे येते, तसा डोळ्यांचा रंग येतो, केसांचे वळण येते, रक्तगट येतो. इथपर्यंत मुलांना सगळे पटते. अडचण त्यापुढे सुरू होते. धडा संपता संपता मागच्या बाकावरून कोणीतरी हात वर करतो आणि विचारतो, "बाजी, फिर गुस्सा भी खून में आता क्या? और पढ़ाई में कमज़ोर रहना?"

हा प्रश्न मुलांच्या डोक्यातून निघालेला नसतो. तो घराच्या ओट्यावर ऐकलेला असतो, आणि कबूल करायला हवे, शिक्षकांच्या खोलीतही ऐकलेला असतो. "बाप ऐसाच था, बेटा क्या अलग निकलेगा?" हे वाक्य चहाच्या कपाबरोबर आमच्याकडे किती सहज फिरते! मी बी.एड. करत असताना 'आनुवंश की परिस्थिती?' हा प्रश्न मानसशास्त्राच्या पेपरात ठरलेला असे. 'दोन्ही' असे उत्तर दोन पाने भरून लिहिले की गुण मिळत. पण दोन्ही म्हणजे नेमके कसे? परिस्थिती आत कुठे जाते? ती शरीरात कुठल्या जागी बसते आणि तिथून उठवता येते का? हे कोणी विचारले नाही आणि मीही विचारले नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे सातवीचा वर्ग होता. सत्र संपताना प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी भराव्या लागतात. वर्गात पन्नासच्या वर मुले आणि हातात दोन दिवस. घाईत बहुतेक जण करतात तेच मी केले. आधीच्या वर्षाची नोंदवही शेजारी उघडून ठेवली. एका मुलाच्या नावापुढे सहावीच्या सरांनी लिहिले होते, 'तवज्जो नहीं देता.' पाचवीच्या नोंदीतही हेच शब्द होते. मीही तेच लिहिले. लिहून पुढच्या नावाकडे वळले आणि एकदम ध्यानात आले की या मुलाचा चेहरा मला आठवत नाही.

मी त्याच्याकडे पाहून लिहिले नव्हते. मी वहीकडे पाहून लिहिले होते.

त्याच सुट्टीत दहावीच्या धड्याची तयारी म्हणून मी डीएनएवरील मेथिल खुणांविषयी वाचू लागले. वाचता वाचता ती नोंदवही पुन्हा पुन्हा आठवत राहिली. का ते सांगण्यासाठी आधी थोडे विज्ञान सांगावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये, कारण उर्दू वाचणाऱ्याला ते समजायला फार सोपे आहे.

आपल्या पेशीत डीएनएची सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. ए, टी, जी आणि सी अशी चारच अक्षरे, पण त्यांच्याच क्रमाने सुमारे वीस हजार जनुके लिहिली जातात. नवल असे की डोळ्याची पेशी घ्या, यकृताची घ्या की त्वचेची घ्या, मजकूर जवळजवळ तोच. मग डोळा पाहतो आणि यकृत पाहत नाही, हे कसे? याचे उत्तर असे, की मजकूर एकच असला तरी प्रत्येक पेशी त्यातली वेगवेगळी पाने वाचते. कुठले पान वाचायचे आणि कुठले मिटून ठेवायचे, हे सांगणाऱ्या खुणा अक्षरांवर लावलेल्या असतात. त्यांपैकी एक म्हणजे मेथिल गट. कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन, इतकीच ही खूण. ती बहुधा सी या अक्षरावर बसते, तेही त्याच्या लगेच पुढे जी असेल तेव्हा. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर अशा खुणांची दाटी झाली की ते जनुक सहसा गप्प होते.

उर्दूत नुक्ता हलला की अक्षरच बदलते. वरचा नुक्ता खाली आला की 'खुदा'चे 'जुदा' होते. जनुकातल्या उत्परिवर्तनाचे तसे आहे. तिथे अक्षरच बदलते. पण जेर, जबर, पेश यांचे काम वेगळे. अलिफ आणि सीन ही दोन अक्षरे लिहा. खाली जेर दिली तर 'इस' वाचाल, वर पेश दिला तर 'उस' वाचाल. अक्षरे तीच राहतात, वाचणे बदलते. आणि एक खूण जज़मची. ती ज्या अक्षरावर बसते त्याची हरकत जाते, ते साकिन होते. मेथिलची खूण बरीचशी या जज़मसारखी आहे. अक्षर पुसलेले नसते. जिथे होते तिथेच असते, फक्त त्यातली हालचाल थांबलेली असते.

आता मुख्य गोष्ट. पेशी दुभंगते तेव्हा डीएनएचे दोन धागे वेगळे होतात आणि प्रत्येकासमोर नवा धागा विणला जातो. हा नवा धागा कोरा असतो. त्यावर अक्षरे असतात, खुणा नसतात. मग एक विकर, ज्याला आम्ही उर्दूत खामिरा म्हणतो, जुना धागा चाचपत जाते आणि जिथे जिथे जुन्यावर खूण आहे तिथे तिथे नव्यावर लावत जाते. त्याचे नाव डीएनएमटी-१. मी त्याला मनातल्या मनात कातिब म्हणते. संगणक येण्याआधी उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके कातिब हाताने लिहून काढत. चांगला कातिब समोरच्या मजकुरातली एक जेरसुद्धा सोडत नसे. मजकूर खरा की खोटा, हे ठरवणे त्याचे काम नव्हते.

म्हणजे खूण एकदा लागली म्हणून कायमची राहत नाही. ती टिकते, कारण प्रत्येक विभाजनानंतर कोणीतरी ती पुन्हा लावत असते. मला सर्वांत जास्त हलवून सोडले ते या गोष्टीने.

या कातिबाचा हात थांबवणारी औषधे आहेत. १९६४ मध्ये प्राग शहरात अलोइस पिस्काला आणि फ्रांतिशेक शोर्म या रसायनशास्त्रज्ञांनी अझासायटिडीन नावाचे संयुग बनवले. तेव्हा ते कर्करोगाच्या पेशी मारणारे विष म्हणून पाहिले गेले. पुढे मोठ्या मात्रेत रुग्णांना देऊनही पाहिले, पण ते सोसवेना. मग सत्तरच्या दशकात एक विलक्षण गोष्ट दिसली. उंदराच्या गर्भापासून वाढवलेल्या साध्या पेशींवर हे औषध थोड्या मात्रेत घातले, तर काही दिवसांनी काचेच्या बशीत स्नायूंचे तंतू तयार झाले आणि आखडू लागले. काही पेशींची चरबी झाली, काहींची कूर्चा. या पेशी स्नायू होणाऱ्यांपैकी नव्हत्याच! पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की याचा संबंध मेथिलच्या खुणा जाण्याशी आहे.

औषध हे कसे घडवते? ते सी या अक्षराचा वेश घेते. कड्याच्या पाचव्या जागी, जिथे खूण बसायची तिथे, कार्बनऐवजी नायट्रोजन असतो, बाकी चेहरा तोच. पेशी फसते आणि नवा धागा विणताना हे तोतये अक्षर आत घेते. कातिब येतो, खूण लावायला हात टेकवतो आणि हात तिथेच चिकटतो. अडकलेले विकर पेशी मोडून टाकते. पुढच्या विभाजनांत खुणा उतरवायला कोणी उरत नाही आणि त्या प्रत्येक नव्या प्रतीत विरळ होत जातात. ज्या जनुकांना गप्प केले होते, त्यांतली काही पुन्हा बोलू लागतात. इथे खोडरबर कुठेच नाही. औषध जुनी खूण पुसत नाही, फक्त ती पुन्हा लिहू देत नाही.

अस्थिमज्जेच्या मायलोडिस्प्लास्टिक विकारांसाठी अमेरिकेत २००४ मध्ये अझासायटिडीनला आणि २००६ मध्ये त्याच्या भावंडाला, म्हणजे डेसिटाबीनला मान्यता मिळाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांचा विकार गंभीर वळणावर होता अशा रुग्णांचे मध्यक आयुर्मान नेहमीच्या उपचारांवर १५ महिने, तर अझासायटिडीनवर साडेचोवीस महिने निघाले. साडेनऊ महिने! बाहेरच्याला ही संख्या लहान वाटेल, ज्याच्या घरात रुग्ण आहे त्याला वाटणार नाही. पण औषध थांबले की खुणा हळूहळू परत येतात. म्हणून ते महिन्यामागून महिना देत राहावे लागते.

इथपर्यंत वाचून माझ्या मनात आले, आता झालेच की! ज्याला आपण नसीब म्हणत होतो ते काढून टाकण्याजोगे निघाले. पुढचे वाचले आणि हा उत्साह ओसरला. पण त्याच्या जागी जे आले ते मला जास्त मोलाचे वाटते.

आधी माँट्रियलमधल्या उंदीरमाद्यांची गोष्ट. मायकेल मीनी, मोशे झीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००४ मध्ये प्रसिद्ध केली. काही माद्या पिलांना खूप चाटतात, गोंजारतात, तर काही कमी. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात ज्यांना कमी माया मिळाली त्या पिलांच्या मेंदूत, ताण आवरणाऱ्या एका जनुकावर मेथिलच्या खुणा जास्त आढळल्या. मोठेपणी ती पिले भित्री, चटकन बिथरणारी झाली. मग पिलांची अदलाबदल करून पाहिली. कमी चाटणारीचे पिलू जास्त चाटणारीच्या कुशीत ठेवले, तर खुणा पाळणाऱ्या आईप्रमाणे आल्या, जन्म देणाऱ्या आईप्रमाणे नाही. शेवटी मोठ्या झालेल्या उंदरांच्या मेंदूत ट्रायकोस्टॅटिन-ए हे औषध सोडले. हेही एक विकररोधक, पण वेगळ्या विकराचे. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेले असते त्यांची गुंडाळी घट्ट करणारे विकर ते अडवते. गुंडाळी सैल झाली, त्या जनुकावरच्या खुणा घटल्या आणि भित्र्या उंदरांचे वागणे इतरांसारखे झाले.

"बाप ऐसाच था" म्हणणाऱ्यांना या उंदरांनी चांगले उत्तर दिले आहे. पण यातून दुसरा अन्याय जन्माला येऊ शकतो. उद्या लोक म्हणतील, खून सोडा, दोष आईचा. तिने माया केली नाही. आपल्याकडे मूल बिघडले की बोट आईकडेच वळते. आता त्या बोटाला विज्ञानाचा आधार मिळाला असे कोणाला वाटू नये. १९४४-४५ च्या हिवाळ्यात व्यापलेल्या नेदरलँड्सच्या पश्चिम भागात जर्मनांनी अन्नाचा पुरवठा रोखला. त्या काळात ज्या आयांच्या पोटात गर्भ नुकताच राहिला होता, त्यांच्या मुलांना संशोधकांनी साठ वर्षांनंतर तपासले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वाढीशी संबंधित एका जनुकावरचे मेथिलीकरण त्यांच्यात कमी आढळले. तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली होती, ज्यांनी पोटात असताना उपास सोसला नव्हता. फरक लहान होता, पण साठ वर्षे टिकला होता. त्या आयांनी काय चूक केली होती? खूण त्यांच्या उदरात लागली, पण ती लावणारा हात रसद अडवणाऱ्याचा होता. भुकेल्या आईकडे मायेचा हिशेब मागणाऱ्याने आधी तिची रसद कोणी अडवली ते विचारावे.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त अवघड वाटतो. बालपणीचा घाव औषधाने काढता येत असेल, तर काढावा का? वरवर पाहता उत्तर सोपे आहे. ज्याला दुखते त्याला विचारा, तो हो म्हणेल. पण कातिबाचा हात थांबवणाऱ्या औषधाला निवड करता येत नाही. जुलमाची खूण कुठली आणि संरक्षणाची कुठली, हे त्याला कळत नाही. आपल्या डीएनएचा जवळजवळ निम्मा भाग जागा बदलणाऱ्या तुकड्यांनी आणि पुरातन विषाणूंच्या अवशेषांनी भरलेला आहे. ते झोपलेले राहतात, त्यात मेथिलच्या खुणांचा मोठा वाटा आहे. १९९२ मध्ये शास्त्रज्ञांनी ज्या उंदरांमध्ये डीएनएमटी-१ चे जनुक मोडून टाकले, ती पिले गर्भातच मेली. म्हणजे कातिब आपला शत्रू नाही. त्याच्यावाचून डोळ्याला आपण डोळा आहोत हे आठवणार नाही. सगळे विसरणे म्हणजे मुक्ती नव्हे, तो मृत्यू आहे.

१९८२ मध्ये अमेरिकेत अझासायटिडीन बीटा थॅलसेमियाच्या एका रुग्णाला देऊन पाहिले होते. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि जन्मानंतर त्याचे जनुक गप्प केले जाते. मोठेपणीचे हिमोग्लोबिन बिघडलेले असेल, तर लहानपणीचे पुन्हा जागे करावे ही कल्पना. ते जागे झालेही. आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलने घरेच्या घरे पोखरली आहेत. त्यांच्यासाठीही ही वाट आशेची होती. पण ज्या मुलांना अजून कित्येक वर्षे जगायचे आहे त्यांना पेशींचे विष आयुष्यभर कसे द्यायचे, ही काळजी उभी राहिली आणि सिकलसेलसाठी डॉक्टर हायड्रॉक्सियुरियाकडे वळले. ही काळजी मला भित्रेपणाची वाटत नाही. जिथे निवड करता येत नाही तिथे हात आवरणे हाही सदाचारच आहे. आता शास्त्रज्ञ एकाच ठरावीक जागेवरची खूण काढण्याचे प्रयोग करत आहेत. ते साधेल तेव्हा प्रश्न असेल, जागा कोण ठरवणार?

माझी समजूत अशी झाली आहे. औषधाला निवडता येत नाही, माणसाला येते. पेशीतल्या कातिबावर जबाबदारी टाकता येत नाही, कारण त्याला मजकूर कळत नाही. मला कळतो. सातवीची नोंद भरताना मी ज्या शब्दांची नक्कल केली ते शब्द मला वाचता येत होते. म्हणून माझी नक्कल त्याच्या नकलेसारखी निष्पाप नाही. 'मी नवीन काहीच म्हटले नाही, आधीचेच लिहिले' हा बचाव आपण आयुष्यभर करत असतो. कोणाच्या मुलीबद्दल, कोणाच्या मोहल्ल्याबद्दल, कोणाच्या खानदानाबद्दल आपण जे बोलतो त्यातले किती आपण स्वतः पाहिलेले असते? पहिली खूण कोणी लावली ते बहुतेकदा शोधता येत नाही. पण ती आज इथवर आली, कारण मधल्या प्रत्येकाने ती पुन्हा लावली.

मला हेही माहीत आहे की नोंदवही म्हणजे डीएनए नव्हे. मुलाच्या रक्तात माझ्या शेऱ्याची मेथिल खूण उमटते असे कोणी सिद्ध केलेले नाही आणि तसे म्हणणे विज्ञानाशी बेइमानी होईल. उपमेने पुरावा होत नाही. पण तिने मला स्वतःकडे बघायला लावले.

सुट्टीनंतर मी त्या मुलाला शोधले. शोधले म्हणजे काय, तो माझ्यासमोरच बसत होता, तिसऱ्या रांगेत खिडकीकडे. महिनाभर मी काही लिहिले नाही, फक्त पाहिले. तो खरोखर बाहेर बघत असे. पण तास संपला की एखादा प्रश्न विचारायला टेबलापाशी येई, आणि प्रश्न बहुधा अर्ध्या तासापूर्वी शिकवलेल्या गोष्टीचा असे. त्याला वेळ लागत होता. दुसऱ्या सत्राच्या नोंदीत मी लिहिले, 'देर से पूछता है, मगर पूछता है.' गणितात तो काठावर पास झाला. फार मोठा बदल झाला असे मी म्हणणार नाही.

आठवीत गेल्यावर मी एकदा त्याची नोंद पाहिली. 'तवज्जो नहीं देता.' तेच शब्द परत आले होते. मला वाईट वाटले, रागही आला. मग वाटले, औषध एकदा देऊन भागत नाही हे मी वाचलेच होते. नव्या वर्गशिक्षकांना मी गाठले. तक्रार केली नाही, फक्त विचारले, "सर, ये आपने देखा, या आगे से उतारा?" ते थोडे ओशाळले. म्हणाले, "देखूँगा, बाजी."

यंदा माझ्याकडे पाचवीचा वर्ग आहे. माध्यमिक शाळेतली पहिली नोंद आता मीच लिहिणार. मुले नवी आहेत, नोंदवही कोरी आहे. तरी एका नावापाशी पेन थबकले, कारण त्याचा मोठा भाऊ आमच्याच शाळेत होता आणि तो कसा होता ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती जागा मी अजून रिकामी ठेवली आहे.